कूलर लागायच्या आधी छतावर सोलर: लवकर अर्ज म्हणजे नेमका कधी आणि कसा

घराच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेचा अर्ज मोबाईलवर अर्ध्या तासात भरून होतो. पॅनल छतावर चढवायलाही दोन दिवस पुरतात. तरी कुणाचं अनुदान दोन महिन्यांत खात्यात पडतं आणि कुणाची फाईल पुढे सरकतच नाही. अडकलेल्या फाईलचं कारण बहुतेक वेळा अर्जाच्या आधीचं असतं. लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, आधारवर आडनाव वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं असतं, नाहीतर बँकेचं खातं तीन वर्षांपासून निजलेलं असतं. म्हणून लवकर अर्ज करायचा तर फॉर्म उघडण्याआधीचे दोन महिने त्यात धरावे लागतात.

विदर्भात लवकर करण्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कूलर. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खस बदलून कूलर खिडकीला लागतो आणि जूनच्या पहिल्या पावसापर्यंत थांबत नाही. साधा डेझर्ट कूलर २०० वॅटच्या आसपास ओढतो. दिवसरात्र मिळून १२ तास चालला तर रोजचे जवळपास अडीच युनिट, महिन्याचे ७० ते ७५. घरात दोन कूलर असले की नेहमीच्या वापरावर दीडशे युनिट चढतात आणि बिल १०० युनिटच्या टप्प्यातून १०१ ते ३०० च्या टप्प्यात जातं. तिथे युनिटचा दर जवळजवळ दुप्पट आहे. पॅनल एप्रिलमध्ये बसलं आणि आत येणारी-बाहेर जाणारी वीज मोजणारा नेट मीटर जूनमध्ये लागला, तर वर्षातले सगळ्यात महागडे तीन महिने हातचे गेले.

पैसे कोण देतं, किती देतं

केंद्राची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. लक्ष्य एक कोटी घरांचं आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे ५ किलोवॅट बसवा की १०, अनुदान ७८,००० च राहतं. सरकारनं हा हिशोब पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० रुपये किंमत धरून केला आहे. बाजारात भाव कमीजास्त होतो. छत उंच असेल, स्टँड उंच हवा असेल, तर वाढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीचं कोटेशन कुणी हातात दिलं तर नवं मागा.

राज्यानं २०२५ मध्ये स्मार्ट नावाची जोड योजना आणली, म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप सोलर. ती फक्त १ किलोवॅटसाठी आणि कमी वीज वापरणाऱ्यांसाठी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला राज्याकडून वरचे १७,५०० मिळतात, म्हणजे ५०,००० च्या संचाला त्याचे स्वतःचे फक्त २,५०० लागतात. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० आणि सर्वसाधारण ग्राहकाला १०,००० रुपये वरचे मिळतात, म्हणजे त्यांचे स्वतःचे अनुक्रमे ५,००० आणि १०,००० लागतात. एकूण पाच लाख ग्राहकांची तरतूद आहे आणि पहिला येईल त्याला पहिलं, या तत्त्वावर वाटप आहे. मेळघाट, गडचिरोलीसारख्या दुर्गम भागांना प्राधान्य आहे. उशिरा जाण्यानं खरंच पैसे जातात ते इथे.

या योजनेची एक अट विदर्भाच्या उन्हाळ्याला आडवी येते. १०० युनिटच्या गटासाठी ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात एकाही महिन्याचा वापर १०० च्या वर गेलेला चालत नाही. सरासरी धरत नाहीत. वर्षभर साठ युनिट वापरणारं घर मे महिन्यात कूलरमुळे १३० वर गेलं असेल, तर ते या गटातून बाहेर पडतं. त्यामुळे कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, जुनी बिलं काढून बारा आकडे स्वतः वाचा. बसत नसाल तरी केंद्राचे ३०,००० कुठे जात नाहीत, त्याला ही अट लागू नाही.

किती किलोवॅट बसवायचं

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते या ठिकाणी. ‘७८ हजार मिळतात ना, मग ३ किलोवॅटच घ्या,’ असं बसवणारा सांगतो आणि ते ऐकायला बरंही वाटतं. पण तुमचं घर किती युनिट वापरतं हे त्यात कुठेच नसतं.

ढोबळ मानानं १ किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात महिन्याला १२० च्या आसपास धरा, जुलै ते सप्टेंबर ढगांमुळे ९० धरा. मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक असतं म्हणून वीजही सगळ्यात जास्त बनेल, ही समजूत चुकीची आहे. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला ते ०.३ ते ०.४ टक्के कमी देतं. चंद्रपूर-अकोल्याकडे हवा ४५ अंशांवर असते तेव्हा पॅनलची काच ६५ ते ७० अंशांपर्यंत तापते, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास तूट. दिवस मोठा असतो म्हणून महिन्याचा आकडा सांभाळला जातो, एवढंच.

आता एक घर धरू. फ्रिज, तीन पंखे, टीव्ही, पाण्याची छोटी मोटर आणि उन्हाळ्यात दोन कूलर. आठ महिने ११० युनिट, मार्च ते जून हे चार महिने २४० युनिट. वर्षाचे १,८४० झाले. बारानं भागलं तर महिन्याला १५३ येतात. १ किलोवॅट साधारण १२० देतं, म्हणजे दीड किलोवॅटच्या आत भागायला हवं, असं कागदावर दिसतं. तसं होत नाही, कारण जमेची वही ३१ मार्चला बंद होते.

दिवसा तुमच्या घरात न लागलेली वीज महावितरणच्या लाईनवर जाते आणि तुमच्या नावावर जमा होते. त्या महिन्याचा वापर वजा होऊन उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात येतात. पण हे फक्त १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षाच्या आत. ३१ मार्चला शिल्लक राहिलेली युनिटं महावितरण ठरलेल्या कमी दरानं विकत घेतं आणि नव्या वर्षी खातं शून्यावरून सुरू होतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत साठवलेली वीज एप्रिल-मेच्या कूलरला वापरता येत नाही. जमा हिवाळ्यात होते, खर्च उन्हाळ्यात असतो आणि वर्ष नेमकं मधेच संपतं.

त्या घराला १ किलोवॅट बसवलं तर एप्रिल ते जूनमध्ये ३६० युनिट बनतील आणि लागतील ७२०. अर्धी वीज विकत घ्यावी लागेल. जुलै ते फेब्रुवारी जवळपास जुळून जाईल आणि मार्चमध्ये पुन्हा शंभरेक कमी पडतील. २ किलोवॅट बसवलं तर एप्रिल ते जून ७२० ला ७२० जुळतात, मार्चही निघून जातो. वर्षअखेर आठशे-नऊशे युनिट उरतात आणि ती स्वस्तात जातात. तरी दुसरा किलोवॅट परवडतो, कारण ५०,००० मधले ३०,००० सरकार देतं आणि तो जी जवळपास ४९० युनिटं वाचवतो त्यातली बरीचशी उन्हाळ्यातली, महाग टप्प्यातली असतात. तिसऱ्या किलोवॅटला मात्र ४५,००० मधले १८,००० च मिळतात आणि त्याची जवळपास सगळी वीज ३१ मार्चला कमी दरानं विकली जाते. या घराला ३ किलोवॅट म्हणजे २७,००० रुपये विनाकारण छतावर ठेवणं आहे. घरात एसी येणार असेल किंवा दोन वर्षांत बांधकाम वाढणार असेल तर गोष्ट वेगळी.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तुमचे बारा आकडे दोन गटांत मांडा, मार्च ते जून आणि बाकीचे. उन्हाळ्याच्या चार महिन्यांची सरासरी १२० नं भागली की जो आकडा येतो, तो तुमच्या घराचा वरचा किलोवॅट. त्याच्या पुढे जायचं कारण नाही.

एक गैरसमज इथेच दूर करून ठेवू. १ किलोवॅट पॅनल म्हणजे घरात एका वेळी १ किलोवॅटच चालेल असं नाही. लाईन चालू असताना कमी पडणारी वीज खांबावरून येते. मोटर, गिरणी, कूलर सगळं पूर्वीसारखंच चालतं.

फॉर्मच्या आधीची कागदं

पहिलं नाव. लाईट बिल, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींवर एकच माणूस हवा आणि नावाची मांडणीही एकसारखी हवी. खेड्यात मीटर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असणं नेहमीचंच. ते हयात असतील तर अर्ज त्यांच्या नावानं, त्यांच्या खात्यावर करा, हा सगळ्यात सोपा रस्ता. हयात नसतील तर आधी महावितरणमध्ये नाव बदलून घ्या. त्याला मृत्यूचा दाखला, इतर वारसांचं संमतीपत्र, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८, आधार आणि थकबाकी नसलेलं बिल लागतं. अर्ज ऑनलाईनही होतो. पुढच्या बिलावर नवं नाव छापून आलं की मगच सूर्यघरचा फॉर्म उघडा. ‘आधी सोलर करू, नाव मागून बदलू’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ज्याच्या नावानं अर्ज आहे त्याच्या खात्यावर अनुदान जातं, आणि गेलेल्या माणसाच्या खात्यावर आलेले पैसे काढायला पुन्हा वारसाची कागदं लागतात.

दुसरं, जोडणीचा प्रकार. जोडणी घरगुतीच हवी. शेतीपंपाच्या मीटरवर ही योजना चालत नाही. त्यासाठी मागेल त्याला सौर कृषी पंप ही वेगळी योजना आहे आणि तिचा अर्जही वेगळा. घराला लागून दुकान असेल आणि मीटर दुकानाच्या दरानं असेल तरीही चालत नाही. शेतातल्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहायचं: घराला लाईन गावठाण फीडरवरून (गावासाठीच्या मुख्य लाईनवरून) येते की शेतीच्या फीडरवरून. शेतीच्या फीडरवर वीज दिवसातले काही तासच असते, आणि लाईन नसताना सोलरही बंद असतं. का, ते पुढे येतं.

तिसरं, थकबाकी. एक रुपयाही बाकी ठेवू नका. जुना वाद चालू असेल तर उपविभागीय कार्यालयात तो मिटवून बिल कोरं करून घ्या.

चौथं, बँक. खातं चालू हवं, केवायसी झालेलं हवं, आधारशी जोडलेलं असलेलं बरं. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या खातेदारांनी जास्त जपायचं आहे. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. जुन्या पासबुकावरून आयएफएससी क्रमांक उतरवू नका, शाखेत जाऊन आजचा क्रमांक विचारा आणि रद्द केलेला धनादेश किंवा नवं पासबुक घ्या. एक आकडा चुकला की सगळं काम होऊनही अनुदान परत फिरतं.

पाचवं, छत कुणाचं. भावाभावांत वाटणी झाली पण छत एकच, अशी घरं भरपूर आहेत. कुठल्या बाजूला पॅनल येईल ते ठरवून भावाची लेखी संमती घेऊन ठेवा. पाच वर्षांनी भांडण झालं तर पॅनल हलवणं खर्चिक असतं.

मंजूर भार मात्र आता डोकेदुखी राहिलेला नाही. गावातल्या बिलांवर तो अर्धा किंवा एक किलोवॅट लिहिलेला असतो आणि पूर्वी तो वाढवायला वेगळा अर्ज लागायचा. २०२४ मध्ये नियम बदलले. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट काढली आणि भार लागेल तसा आपोआप वाढतो.

अर्ज

संकेतस्थळ एकच आहे: पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन. याच नावाचं ॲपही आहे. नावात एखादं अक्षर इकडेतिकडे असलेली खोटी पानं आहेत, म्हणून दुसऱ्यानं पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. नोंदणीला फी नाही. फी, फाईल खर्च किंवा कोटा राखून ठेवण्याचे पैसे मागणारा माणूस सरकारचा नसतो.

मोबाईल नंबर स्वतःचाच टाका. बसवणाऱ्याचा नंबर टाकला तर सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि तुमच्या अर्जाची किल्ली त्याच्या हातात राहते. राज्य, जिल्हा, वीज कंपनी म्हणून महावितरण आणि बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक भरला की तुमचं नाव आणि पत्ता समोर येतो. इथेच नाव नीट वाचा. चूक दिसली तर पुढे जाऊ नका, आधी बिलातलं नाव दुरुस्त करा. मग किती किलोवॅट ते भरायचं, अलीकडचं बिल जोडायचं आणि अर्ज पाठवायचा. मंजुरी आली की नोंदणीकृत बसवणाऱ्यांची जिल्ह्यानुसार यादी दिसते, त्यातून निवड करायची. यादीबाहेरच्याकडून बसवलं तर अनुदान नाही. आधी बसवून मागून अर्ज केला तरी नाही. याच घरावर पूर्वी सरकारी सोलर अनुदान घेतलेलं असेल तरी नाही.

काम झालं की बसवणारा पॅनलचे क्रमांक आणि फोटो चढवतो, महावितरणचा माणूस पाहणी करतो, नेट मीटर लागतो आणि संच सुरू झाल्याचा दाखला पोर्टलवर येतो. त्यानंतर बँकेचा तपशील भरून अनुदानाची मागणी तुम्हालाच करायची असते. ती आपोआप होत नाही. ही शेवटची पायरी राहिल्यामुळे महिनोन्महिने वाट पाहणारे खूप असतात. मागणी केल्यावर ३० दिवसांत पैसे यावेत असा नियम आहे.

तुमच्या गावातल्या प्रत्येक घरामागे ग्रामपंचायतीला १,००० रुपये प्रोत्साहन मिळतं. त्यामुळे ग्रामसेवकाला गावात एक दिवस शिबिर घ्यायला सांगायला हरकत नाही. दहा-बारा घरांनी एकाच बसवणाऱ्याकडे मिळून भाव विचारला तर भावही उतरतो आणि पुढे दुरुस्तीला तो एका फेरीत येतो.

वेळ कशी साधायची? श्रावणात निंदण-फवारणीतून सवड मिळते तेव्हा नाव आणि खातं नीट करून घ्या. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरमध्ये अर्ज करा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काम, जानेवारीत मीटर. मार्चमध्ये सगळेच धावतात, त्यामुळे मीटर आणि माणसं दोन्ही कमी पडतात.

छत आणि सामान

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा धरा. आजकालचं एक पॅनल ५४० ते ५५० वॅटचं असतं, साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, वजन ३० किलोच्या आसपास. २ किलोवॅटला चार पॅनल लागतात. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. अंगणातला निंब, शेजारचा मजला, पाण्याची टाकी यांची सावली डिसेंबरमध्ये सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत कुठे पडते ते पाहा, कारण तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. पॅनल एका माळेत जोडलेले असतात. एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी सगळ्या माळेची वीज उतरते.

स्लॅबचं घर असेल तर काम सोपं. छतावर तूर, मिरच्या, कुरडया वाळवायच्या असतील तर स्टँड सात-आठ फूट उंच करून घ्या. मात्र उंच स्टँडला मृगाचा वारा जास्त लागतो. स्टँड गरम जस्तात बुडवलेल्या लोखंडाचा हवा, वरून चंदेरी रंग मारलेला नको. ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकेल असं कागदावर लिहून घ्या. स्लॅबला सरळ भोकं पाडून बोल्ट ठोकले की दुसऱ्या पावसाळ्यात गळती लागते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवणं किंवा रासायनिक अँकर वापरणं चांगलं. टिनाच्या छपराखालचे पाईप किंवा अँगल मजबूत असतील तर छोटी रेल कसून पॅनल बसतात, पण गंजलेल्या टिनावर बसवू नका. कवेलूच्या छपरावर पॅनल बसत नाहीत. तिथे भिंतीवर भार न देता जमिनीतून पाईप उभे करून छपराच्या वर मांडणी करावी लागते. तसं करायचं असेल तर अर्जाआधीच बसवणाऱ्याला जागा दाखवा आणि अनुदानात बसतं याची महावितरणकडून खात्री करून घ्या.

अनुदानासाठी पॅनल भारतातच बनलेलं आणि त्यातला सेलही भारतातच बनलेला हवा. याला डीसीआर पॅनल म्हणतात. परदेशी सेलचं पॅनल स्वस्त पडतं आणि दिसायला सारखंच असतं. म्हणून बिलावर डीसीआर असं लिहून घ्या आणि पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचे क्रमांक छतावर चढण्याआधी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पोर्टलवर चढवलेले क्रमांक आणि छतावरचे क्रमांक एकच आहेत का, ते नंतर ताडून पाहता येतं. आणखी एक बारकावा: अनुदान पॅनलचे एकूण वॅट आणि इन्व्हर्टरचे (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या पेटीचे) वॅट यांतल्या कमी आकड्यावर मिळतं. पॅनल ३.३ किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर २.५ चा लावला तर हिशोब अडीचचा होतो.

अर्थिंग तीन वेगवेगळे हवेत: पॅनल आणि स्टँडच्या बाजूचा एक, घराच्या वीजबाजूचा एक आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा एक. तिन्ही एकाच खड्ड्यात उतरवून पैसे वाचवले जातात, ते चालवून घेऊ नका. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, माती सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. मार्चपासून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता.

करारात पाच वर्षांची मोफत देखभाल लिहिलेली असते. योजनेचीच ती अट आहे. पॅनलची वीज देण्याची हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची किती वर्षांची ते विचारून लिहून घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका. काही भाग मीटर लागेपर्यंत हातात ठेवा.

लाईन गेली की सोलरही बंद

या योजनेत बसणारा साधा संच लाईनच्या आधारावर चालतो. खांबावरची वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. हा बिघाड नाही. तो चालू राहिला तर छतावरची वीज मेलेल्या तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल, म्हणून तसं केलेलं असतं. लाईन नसताना पंखा-दिवा हवा असेल तर बॅटरीचा हायब्रिड संच घ्यावा लागतो. तो बसवता येतो, पण बॅटरीवर अनुदान नाही.

डीपीपासून लांब, वस्तीच्या शेवटच्या घरांना दुसरा त्रास होतो. दुपारी पॅनल जोरात चालतं, सर्व्हिस वायर बारीक किंवा सांधलेली असते, वीज बाहेर ढकलताना व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. मालकाला वाटतं मशीन खराब आहे. इन्व्हर्टरच्या पडद्यावर दुपारी १२ वाजता व्होल्टेज किती दाखवतं ते तीन-चार दिवस लिहून ठेवा आणि त्या आकड्यांसह उपविभागात लेखी तक्रार द्या, किंवा १९१२ वर नोंदवा. आकडे असले की सांधा बदलायला माणूस लवकर येतो.

मीटर आणि बिल

नेट मीटर दोन आकडे दाखवतो: लाईनवरून आत आलेली वीज आणि तुमच्याकडून बाहेर गेलेली वीज. इन्व्हर्टरच्या ॲपवर महिन्याला २४० युनिट बनल्याचं दिसतं आणि बिलावर फक्त १६० जमा दिसतात, तेव्हा चोरी झाल्याची शंका येते. चोरी नाही. मधले ८० युनिट दिवसा तुमच्याच फ्रिजनं आणि कूलरनं थेट वापरले, ते मीटरपर्यंत गेलेच नाहीत. त्या महिन्यात रात्री १९० युनिट आत आले असतील तर बिल १९० वजा १६०, म्हणजे ३० युनिटचं. जमा जास्त असेल तर युनिटचं बिल शून्य. स्थिर आकार मात्र दर महिन्याला येतोच.

नवा मीटर लागल्यावर पहिली दोन बिलं डोळ्यांत तेल घालून वाचा. बाहेर गेलेल्या विजेचा रकाना कोरा असेल तर मीटर बदलल्याची नोंद बिलाच्या यंत्रणेत चढलेली नाही असं समजा आणि मीटरचा फोटो घेऊन लगेच उपविभागात जा.

कर्ज

सार्वजनिक बँका ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला २ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात, मुदत १० वर्षांपर्यंत. व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासोबत बदलतं. अर्ज सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवरून होतो. समजा ३ किलोवॅटसाठी साडेसहा टक्क्यांनी १० वर्षांना १,४०,००० घेतले, तर महिन्याचा हप्ता १,५९० च्या आसपास. अनुदानाचे ७८,००० आले की ते कर्जात भरा. उरलेल्या ६२,००० चा हप्ता नव्यानं मांडून घेतला तर तो सातशेवर येतो. पीककर्ज थकलेलं असेल तर बँक इथेही अडवते, म्हणून आधी ते नवंजुनं करून घ्या.

पुसणं

विटभट्टी, कोळसा वाहतूक किंवा कच्चा रस्ता जवळ असेल तर दर आठवड्याला, नाहीतर पंधरा दिवसांनी पॅनल पुसा. सकाळी ऊन चढायच्या आत पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. बुलडाणा, अकोला, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरू नका. त्यातला क्षार वाळून काचेवर पांढरा थर धरतो आणि तो घासून निघत नाही. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी, लांब दांड्याला मऊ कापड, साबणाची पावडर नाही. वानरं येत असतील तर पॅनलच्या कडेला काटेरी तार बांधू नका, तिची सावली पडते. कठड्यावर जाळी लावा. गारपीट झाली की दुसऱ्याच दिवशी काच आणि मागची बाजू दोन्ही पाहा, तडा दिसला तर त्याला हात न लावता फोटो काढा आणि बसवणाऱ्याला कळवा.